शरदांतील नदी आणि बास मासा

आश्विन-कार्तिकांतील नदीचें रूप महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें आहे. पुराचा गढूळपणा खालीं बसतो, पाणी ओसरतें, वाळूचे पट्टे उघडे पडतात, आणि पावसाळ्यांत ज्या खडकांचा पत्ताही नव्हता ते पुन्हां डोकीं वर काढतात. हवा मात्र लगेच थंड होत नाहीं. ऑक्टोबरचें ऊन कित्येकदां वैशाखाची आठवण करून देतें. अमेरिकेच्या पूर्व भागांतील नद्यांनाही याच महिन्यांत असाच निवळपणा येतो. परंतु तेथें निवळलेल्या पाण्यामागून थंडी येते, आणि ती थांबत नाहीं. सप्टेंबरच्या आरंभीं जें पाणी वीस-पंचवीस अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असतें, तें नोव्हेंबर सरतां सरतां पांच अंशांच्या आसपास येऊन ठेपतें. या दहा-बारा आठवड्यांत नदींतल्या माशांच्या दिनक्रमांत जी उलथापालथ होते, तिची वर्षभर वाट पाहणारा एक मोठा वर्ग तेथें आहे. हातांत गळाची काठी, छातीपर्यंत चढविलेली रबरी विजार आणि समोर खळाळतें पाणी, अशा थाटांत ही मंडळी ज्या माशाच्या मागें लागतात, त्याचें नांव स्मॉलमाउथ बास, म्हणजे लहान तोंडाचा बास.

या नांवानें मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे, आणि तो केवळ ‘पुरे’ या अर्थाच्या मराठी शब्दामुळें नव्हे. मुंबईच्या उपाहारगृहांत ‘सी बास’ म्हणून जो मासा वाढतात तो पुष्कळदां कोंकणच्या खाड्यांतला जिताडा असतो. आणि ‘बासा’ म्हणून जे पांढरे, कांटे नसलेले तुकडे बाजारांत मिळतात ते मेकाँग नदीकडील एका मिशाळ माशाचे असतात. प्रस्तुत बासचें या दोघांशीं नातें नाहीं. किंबहुना तो खरा बासही नव्हे. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांना आपल्या समुद्रांतल्या बासची आठवण झाली आणि त्यांनीं तेंच नांव या परक्या माशाला देऊन टाकिलें. शास्त्रज्ञ त्याची गणना उत्तर अमेरिकेंतील ‘सनफिश’ कुळांत करितात.

त्याचें शास्त्रीय नांवही एका अपघातांतून जन्मलें आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यानें १८०२ सालीं या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्यासमोर जो नमुना होता त्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग फाटलेला होता. तुटून वेगळा झालेला तो तुकडा म्हणजे एक स्वतंत्र इवलासा पर आहे असें समजून त्यानें या वंशाला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, असें नांव दिलें. पुढें दोष ध्यानांत आला. परंतु शास्त्रीय नामकरणाचा दंडक असा कीं, पहिलें नांव चुकीच्या समजुतीवर आधारलेलें असलें तरी तें टिकतें. नांवाचा उत्तरार्ध ‘डोलोमियु’. ज्या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञावरून डोलोमाइट दगडाला नांव मिळालें त्याचाच तो गौरव होय. त्या सद्गृहस्थाचा या माशाशीं दुसरा कांहीं संबंध दिसत नाहीं.

मासा दिसण्यांत देखणा आहे. अंगाचा रंग कांशासारखा, त्यावर गर्द उभे पट्टे आणि डोळ्यांत लाल झांक. ज्याला मोठ्या तोंडाचा बास म्हणतात तो त्याचा भाऊबंद संथ, शेवाळी पाण्यांत रमतो. त्याचा जबडा डोळ्याच्या मागेंपर्यंत पोंचतो. लहानतोंड्याचा जबडा डोळ्याखालींच संपतो, आणि त्याला हवा असतो खडक, गोटे आणि वाहतें, स्वच्छ पाणी. नदींत त्याची वाढ सावकाश होते. सुमारें वीस इंचांचा मासा तेथें दुर्मिळ लाभ समजला जातो, आणि असा मासा बहुधा दहा वर्षांच्या आसपासचा असतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचा संबंध येणार आहे.

आज ज्या नद्यांत या माशाचें सर्वांत अधिक कौतुक होतें, त्यांतील कांहींत तो मूळचा नाहीं. त्याचें माहेर म्हणजे ओहायो नदीचें खोरें, मिसिसिपीचा वरचा भाग आणि मोठ्या सरोवरांचा प्रदेश. ॲपलेशियन पर्वताच्या पूर्वेकडील नद्यांत, म्हणजे पोटोमॅक व सस्क्वेहॅना यांत, तो नव्हता. बाल्टिमोर-ओहायो आगगाडीचा रस्ता पर्वत ओलांडून ओहायोच्या कांठीं गेला, आणि माशालाही वाट सांपडली. व्हीलिंग येथील श्रायव्हर नांवाच्या गृहस्थानें १८५४ सालीं कांहीं बास भोंकें पाडलेल्या बादलींत घालून ती बादली इंजिनामागच्या पाण्याच्या टाकींत टांगली. गाडीच्या हिसक्यांनीं पाणी हेलकावत राहिलें, त्यांत हवा मिसळत राहिली, आणि मासे जिवंत कंबरलंडला पोंचले. तेथें त्यांना कालव्याच्या हौदांत सोडण्यांत आलें. कालव्यांतून ते पोटोमॅकमध्यें उतरले. इंजिनाच्या टाकींतून आलेल्या या मूठभर पाहुण्यांनीं कांहीं दशकांत सारी नदी व्यापली. पुढें सस्क्वेहॅनेंतही बास आणून सोडले गेले. मूळच्या माशांना या नव्या शिकाऱ्याचा काय त्रास झाला असेल, याचा हिशेब त्या काळीं कोणी ठेविला नाहीं.

आतां शरदाकडे वळूं या. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब नाहीं. पाणी जितकें उष्ण तितका त्याचा जठराग्नि प्रखर, पाणी गार झालें कीं तो मंद. ढोबळ मानानें, पाण्याचें तापमान दहा अंशांनीं उतरलें तर शरीरव्यापाराचा वेग निम्म्यावर येतो. उलट, गार पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो: तीस अंशांच्या पाण्यांत एका लिटरमागें साडेसात मिलिग्रॅम, तर दहा अंशांच्या पाण्यांत अकरा मिलिग्रॅमहून अधिक. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन भरांत माशाची भूक मोठी, पण श्वासाची अडचण. सप्टेंबर-ऑक्टोबरांत भूक अजून शाबूत आणि श्वास मोकळा. दिवसां ऊन टाळून पहांटे व तिन्हीसांजेस बाहेर पडणारा मासा आतां भर दुपारीं उघड्या पाण्यांत हिंडूं लागतो.

गळवाल्यांची एक आवडती समजूत अशी कीं, पुढें हिंवाळा आहे हें जाणून मासा या दिवसांत आधाशासारखा खातो. ती अर्धीच खरी आहे. दिवसाचें खाणें मोजलें तर जुलैमध्यें तो बहुधा अधिकच खात असेल. शरदांत बदलतो तो खाण्याचा प्रकार आणि जागा. उन्हाळ्यांत त्याचें मुख्य अन्न म्हणजे दगडांखालचे क्रेफिश, गोड्या पाण्यांतले हे नांगीवाले प्राणी लहान शेवंडासारखे दिसतात, आणि जलकीटक. पाणी गार होतांच क्रेफिश दगडांखालून फारसे बाहेर पडत नाहींत, किड्यांची उडती पिढी संपते, आणि वसंतांत जन्मलेली लहान मासळी मात्र तोंवर बोटभर झालेली असते. तेव्हां सारी नदी धुंडाळण्याऐवजीं बास या मासळीच्या थव्यामागें जातो, आणि थवा जेथें तेथेंच पांच-दहा बास एकत्र सांपडतात. शिवाय मादीच्या पोटांत पुढच्या वसंताचीं अंडीं याच काळांत आकार घेऊं लागतात; त्यांनाही पोषण हवें. गळवाल्याला जी ‘भूक’ दिसते ती अशी अनेक कारणांची गोळाबेरीज आहे.

पाणी सोळा अंशांच्या खालीं गेलें कीं दुसरा बदल सुरू होतो. मासे उथळ, खळाळत्या पाण्यांतून काढता पाय घेतात. विस्कॉन्सिन राज्यांतील वुल्फ व एम्बॅरस या नद्यांतील बासांच्या हालचालींचा जो अभ्यास १९९० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें आढळलें कीं कांहीं मासे शरदांत प्रवाहाबरोबर साठ किलोमीटरांहूनही अधिक खालीं उतरून खोल पाण्यांत हिंवाळा काढतात आणि वसंतांत पुन्हां वर येतात. सर्वच नद्यांत इतका लांबचा प्रवास होत नाहीं. जवळ चांगला डोह असेल तर मासा त्यावरच समाधान मानतो. पण तत्त्व एकच. गार पडलेल्या शरीराला प्रवाहाशीं झुंजणें परवडत नाहीं. म्हणून खोल, संथ, बर्फाच्या तुकड्यांचा मारा न लागणारी जागा त्याला शोधावी लागते. दहा अंशांच्या खालीं हा मुक्काम पक्का होतो, आणि चार-पांच अंशांवर तर मासा जवळजवळ निश्चल पडून राहतो.

सस्क्वेहॅना नदी हें सारें पाहण्यास विशेष सोयीची आहे. न्यूयॉर्क राज्यांतील ओट्सेगो सरोवरांतून निघून सुमारें ७१५ किलोमीटर वाहत ती चेसापीक उपसागराला मिळते. पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग येथें तिची रुंदी मैलाच्या घरांत जाते, पण खोली पुष्कळ ठिकाणीं गुडघ्याइतकी वा कमरेइतकीच. शहराच्या वरच्या अंगास रॉकव्हिलचा दगडी रेल्वेपूल आहे. १९०२ सालच्या या पुलाच्या अठ्ठेचाळीस कमानींखालून पाणी वाहतें, आणि नदीच्या तळाशीं आडवे पसरलेले खडकांचे बांध त्या पाण्याचे असंख्य लहान लहान धबधबे करितात. अशा प्रत्येक बांधाच्या खालीं एक घळ, प्रत्येक धोंड्याच्या मागें एक संथ कप्पा. सप्टेंबरांत मासे खळाळाच्या कडेला, ऑक्टोबरच्या मध्यास खळाळ संपून डोह सुरू होतो त्या उतारावर, आणि नोव्हेंबरांत डोहाच्या पोटांत. पाण्याचा हा नकाशा ज्याला वाचतां येतो त्याला महागडीं साधनें लागत नाहींत. ज्याला येत नाहीं त्याला तीं उपयोगी पडत नाहींत.

साधनांविषयीं मात्र दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकीमधील जॉर्ज स्नायडर नांवाच्या घड्याळजीनें बासच्या शिकारीसाठीं असें रीळ बनविलें कीं, मुठीचा एक फेरा दिला असतां आंतली दोऱ्याची फिरकी अनेक फेरे घेई. घड्याळाचे दंतचक्र गळाच्या काठीवर चढलें, आणि केंटकींतील घड्याळजी व सोनार पुढें कित्येक वर्षें अशीं रिळें बनवीत राहिले. दुसरी गोष्ट सस्क्वेहॅनेच्याच कांठची. मिडलटाउन येथील बॉब क्लाउझर या वाटाड्यानें १९८० नंतरच्या दशकांत हरणाच्या शेपटीचे केस आणि डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे एवढ्याच साहित्यांतून एक कृत्रिम मासोळी गळावर बांधिली. वजन डोळ्यांत असल्यामुळें दोरा ओढला कीं ती वर उसळते आणि सैल सोडला कीं तोंड खालीं करून बुडते. घायाळ मासोळीची हीच तऱ्हा असते. लेफ्टी क्रे या प्रसिद्ध गळतज्ज्ञानें तिचें बारसें केलें, आणि आज ही ‘क्लाउझर मिनो’ समुद्रांतल्या माशांपर्यंत सर्वांना फसविते. पाणी गार होत जाईल तशी ती सावकाश ओढावयाची, इतकाच शरदांतला नियम. सप्टेंबरांत जो मासा झडप घालतो तोच नोव्हेंबरांत आमिषाकडे नुसता पाहत राहतो, आणि त्याला विचार करण्यास वेळ द्यावा लागतो.

पाणी नितळ असल्यामुळें सावली पडूं न देणें, पाऊल न वाजविणें, बारीक दोरा वापरणें या गोष्टी ओघानेंच आल्या. खरा वैताग असतो पानांचा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत कांठचे मेपल व सिकमोर पानें गाळतात, आणि वाऱ्याचा एक झोत आला कीं नदीचें पाणी दिसेनासें होतें. प्रत्येक फेकीला माशाऐवजीं एक पान गळाला लागतें. गळवाले या पानांना मनसोक्त शिव्या देतात, पण नदीच्या दृष्टीनें तें कोठार भरत असतें. तळाशीं बसलेलीं हीं पानें कुजूं लागतात, जलकीटकांच्या अळ्या हिंवाळाभर त्यांवर पोसतात, त्या अळ्यांवर लहान मासे, आणि लहान माशांवर बास.

याच खडकांत कोठें कोठें दगडांच्या दोन लांब रांगा दिसतात. वरच्या अंगास दूर असलेल्या, खालीं येतां येतां एकमेकींना मिळणाऱ्या. त्या निसर्गाच्या नव्हेत. मूळच्या रहिवाशांनीं, आणि पुढें गोऱ्या शेतकऱ्यांनींही, वामी पकडण्यासाठीं रचलेले ते सापळे आहेत. वाम हा मासा शरदांतल्या अंधाऱ्या रात्रीं समुद्राकडे निघतो. रांगांच्या मधून वाहत येऊन तो टोकाशीं लावलेल्या टोपलींत पडे. १९२८ सालीं नदीच्या मुखाजवळ कोनोविंगो धरण उभें राहिलें आणि समुद्रांतून वर येणाऱ्या वामीच्या पिल्लांची वाट बंद झाली. अलीकडे तीं पिल्लें धरणाखालीं धरून गाडीनें वर नेऊन सोडतात. सापळे ओस पडले. आतां त्या दगडांच्या आडोशाला बास उभे असतात. जो मासा आगगाडीनें आला तो मूळच्या माशाच्या रिकाम्या घरांत राहतो, असा हा प्रकार आहे.

पण या पाहुण्याचेंही सर्व सुखाचें नाहीं. २००५ सालच्या उन्हाळ्यांत सस्क्वेहॅनेंत त्या वर्षीं जन्मलेलीं बासचीं पिल्लें अंगावर व्रण पडून मोठ्या संख्येनें मेलेलीं आढळलीं. उथळ, तापलेलें पाणी आणि जिवाणूंचा संसर्ग हें वरवरचें कारण तत्काळ दिसलें. पुढें विषाणु व परोपजीवी यांचाही हात दिसून आला. रोग पुढील वर्षांतही उद्भवत राहिला, आणि मोठ्या माशांची संख्या घटली. तत्पूर्वीं, २००३ च्या सुमारास, पोटोमॅकच्या खोऱ्यांत अनेक नर बासांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या होत्या. शेतांतून व सांडपाण्यांतून नदींत उतरणारीं, शरीरांतील संप्रेरकांची नक्कल करणारीं रसायनें यामागें असावींत असें संशोधकांचें मत पडलें. सस्क्वेहॅनेच्या दुखण्याची जी सविस्तर छाननी २०१५ सालीं पुरी झाली, तिनेंही हीं रसायनें, तणनाशकें आणि रोगजंतु यांकडेच बोट दाखविलें. कोणा एका कारखान्याला दोषी धरून मोकळें होतां आलें असतें तर बरें झालें असतें. येथें दोष हजारों शेतांतून आणि घरांतून थेंबाथेंबानें येतो, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यावयास कोणी सांपडत नाहीं.

राज्याच्या मत्स्यखात्यानें २०११ च्या सुमारास नदीच्या मोठ्या भागांत पकडलेला बास लगेच पाण्यांत सोडण्याचा नियम केला, आणि त्यानंतर विणीच्या काळांत त्याच्या मागें लागण्यासही बंदी घातली. पुढील दशकांत माशांची संख्या सुधारली. दहा वर्षांच्या माशाला पुन्हां दहा वर्षें लागतात हें ज्यांना उमगलें, त्या गळवाल्यांनीं हा नियम नियमाविनाही पाळला. शरदाच्या अखेरीस तर संयमाची अधिकच गरज असते, कारण अनेक मैलांच्या टापूंतले मासे तेव्हां एखाद्या डोहांत गोळा झालेले असतात. एका मनुष्याला एका दुपारीं सारा टापू रिता करतां येईल. गळाचा आंकडा उलट्या दातावांचून वापरणें, माशाला ओल्या हातानें धरणें, आणि श्वास रोखून जितका वेळ राहवेल त्याहून अधिक वेळ त्याला पाण्याबाहेर न ठेवणें, हे संकेत आतां बहुतेक पाळले जातात. गार पाण्यांत सोडलेला मासा उन्हाळ्यांतल्यापेक्षां सहज सांवरतो, हीही एक सोय. मनुष्याची मात्र गार पाण्यांत उलट स्थिति. म्हणून पेनसिल्व्हेनियांत १ नोव्हेंबरपासून ३० एप्रिलपर्यंत लहान होडींत बसणाऱ्याला तरंगतें जाकीट अंगांत घालावेंच लागतें.

नोव्हेंबरच्या शेवटीं काठ्या पुसून कपाटांत जातात. पण नदींत निकाल लागावयाचा असतो तो यानंतरच. वसंतांत, पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलें असतां, नरानें गोट्यांत घरटें करून ज्या पिल्लांचें रक्षण केलें, तीं शरदांत किती वाढलीं यावर त्यांचें भवितव्य ठरतें. हिंवाळाभर तीं जवळजवळ उपाशी असतात, आणि अंगीं साठविलेल्या चरबीवर जगतात. लहान शरीराची शिदोरी लहान, आणि ती लवकर संपते. म्हणून ज्या वर्षीं थंडी लवकर पडून पिल्लें खुजीं राहिलीं, त्या वर्षींचीं पुष्कळशीं मार्चपर्यंत टिकत नाहींत. आणि कांठावरच्या माणसाला तें कळतें तीन-चार वर्षांनीं, जेव्हां त्या वयाचा मासा गळाला लागेनासा होतो.